एक फुली, एक पेटी : कॅनडातल्या आणि अमेरिकेतल्या निवडणुका

नोव्हेंबर २००० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन शेजारी देशांत वीस दिवसांच्या अंतराने सार्वत्रिक निवडणुका झाल्या. अमेरिकेत ७ नोव्हेंबरला, कॅनडात २७ नोव्हेंबरला. कॅनडाच्या निवडणुकीची घोषणा २२ ऑक्टोबरला झाली होती. म्हणजे घोषणा, उमेदवारी अर्ज, प्रचार, नेत्यांचे वादविवाद आणि मतदान हे सारे ३६ दिवसांत उरकले. सुमारे १ कोटी ३० लाख मतपत्रिका हातांनी मोजून त्याच रात्री ज्याँ क्रेतिएँ यांचे सरकार पुन्हा आल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात फ्लोरिडातले अधिकारी एकेक मतपत्रिका दिव्यासमोर धरून छिद्राला लोंबकळणारा कागदाचा कपटा न्याहाळत बसले होते. अल गोर यांनी १३ डिसेंबरला पराभव मान्य केला, तो मतदानानंतरचा छत्तिसावा दिवस होता. फरक होता अवघ्या ५३७ मतांचा.

कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही गोष्ट फार आवडते. एरवी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पगार, घरे आणि हवामान यांवरून ऐकून घ्यावे लागते; निवडणुकीच्या बाबतीत मात्र आपला हात वर! "तुमच्या यंत्रापेक्षा आमची पेन्सिल बरी" असे म्हणून आपण मिश्या पिळतो. शिवाय कॅनडाची माणसेच मुळात समंजस, त्यामुळे त्यांच्या निवडणुकाही समंजस, असेही एक मत आपल्यात रुजले आहे. हे मत मला पटत नाही. दोन्ही देशांचा निवडणुकांचा इतिहास वाचल्यावर जे दिसते ते स्वभावाचे नाही, कायद्यांचे आहे. आणि ते कायदेही सुबुद्धीने आपोआप आलेले नाहीत. बहुतेक वेळा आधी काहीतरी लाजिरवाणे घडले, मग कायदा झाला.

आधी यंत्राचा विचार करू, कारण तो माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. अमेरिकेत मतदानाची यंत्रे आली ती यंत्रांच्या हौसेने नव्हे. तिथल्या मतदाराला एका दिवशी किती प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात ते पाहा : राष्ट्राध्यक्ष, सेनेटर, प्रतिनिधी, गव्हर्नर, राज्याच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य, काउंटीचा शेरीफ, न्यायाधीश, शाळामंडळ, आणि वर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात डझनभर ठराव. अँड्र्यू जॅक्सनच्या काळात, म्हणजे १८३० च्या आसपास, सरकारी पदे नेमणुकीने न भरता जास्तीत जास्त निवडणुकीने भरावीत हा विचार बळावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारकांनी त्यात आणखी भर घातली. पक्षाचा उमेदवारसुद्धा मतदारांनीच निवडावा म्हणून विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. ओरेगॉनने १९०२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये जनतेला थेट ठराव मांडण्याचा हक्क दिला. हेतू उत्तम होता. पण मतपत्रिकेची झाली चादर! ती हातांनी मोजायची तर आठवडा जाईल. म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात १८९२ मध्ये खटक्यांचे यंत्र आले, आणि १९६० च्या दशकात जोसेफ हॅरिस या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भोकांच्या कार्डावरून मतदानाचे कार्ड तयार केले. त्याचे हक्क आयबीएमने १९६५ मध्ये विकत घेतले, पण काही वर्षांतच कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली. फ्लोरिडात २००० साली जो घोळ झाला तो याच कार्डांचा.

कॅनडाच्या संसदेच्या निवडणुकीत मतदाराला एकच प्रश्न विचारला जातो : तुमच्या मतदारसंघातून कोण? पंतप्रधानाचे नाव मतपत्रिकेवर नसते, न्यायाधीश निवडून येत नाहीत, प्रांताची निवडणूक वेगळ्या दिवशी, शहराची आणखी वेगळ्या दिवशी. एका प्रश्नाला पेन्सिल पुरते. माझे म्हणणे खरे की नाही हे पडताळायचे असेल तर टोरांटोच्या महापालिकेची निवडणूक पाहा. तिथे महापौर, नगरसेवक आणि शाळामंडळाचा विश्वस्त असे तीन प्रश्न एका कागदावर आले, आणि लगेच मोजायला यंत्र आले. तेच मतदार, तोच स्वभाव!

एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मी मतमोजणीला बसलो होतो. शाळेच्या व्यायामशाळेत घडीची टेबले, पुठ्ठ्याचे आडोसे, पुठ्ठ्याचीच मतपेटी. दारे बंद झाल्यावर पेटीचे मोहोर तोडले, मतपत्रिका टेबलावर ओतल्या, आणि निवडणूक अधिकारी बाई एकेक कागद उलगडून, मागची आपली आद्याक्षरे पाहून, सर्वांना दाखवून नाव वाचू लागल्या. आम्ही प्रतिनिधी आपापल्या तक्त्यावर रेघा मारत होतो. एका मतदाराने फुलीऐवजी हसरा चेहरा काढला होता. मतदाराचा मनसुबा स्पष्ट आहे म्हणून ते मत धरले. एकाने दोन गोलांत फुल्या केल्या होत्या; ते बाद. दोन तासांत काम संपले. माझा सारा जन्म आज्ञावल्या लिहिण्यात गेला आहे, तरी मला असे वाटले की या पद्धतीत एक गुण आहे जो आमच्या कोणत्याही आज्ञावलीत नाही : शेजारच्या आजीबाईंना ती पूर्ण समजते आणि चूक झाली तर त्यांना ती पकडता येते.

आता मागे जाऊ. १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले तेव्हा न्यू ब्रन्सविक सोडता (तिथे १८५५ पासून गुप्त मतदान होते) मत तोंडी द्यावे लागे. मतदाराने मंचासमोर उभे राहून आपले नाव आणि उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे, कारकुनाने लिहून घ्यायचे. समोर गर्दीत त्याचा मालक, सावकार, घरमालक उभे. दारू दोन्ही बाजूंची. बाहेर लाठ्या घेतलेले तरुणही दोन्ही बाजूंचे. क्वेबेकमधल्या कामुरास्का मतदारसंघात १८६७ साली असा दंगा झाला की निवडणूकच होऊ शकली नाही, आणि ती जागा १८६९ पर्यंत रिकामी राहिली. मतदानही एका दिवशी नसे; वेगवेगळ्या मतदारसंघांत ते काही आठवडे चाले, आणि तारखा सरकारच्या हातात. जिथे आपली हमखास जीत आहे तिथे आधी मतदान घ्यायचे, म्हणजे वारा कुठे वाहतो हे बाकीच्यांना दिसते. पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड या खेळात पटाईत होते.

त्यांचे घोडे अडले ते १८७२ च्या निवडणुकीत. पॅसिफिक रेल्वेचे कंत्राट मिळावे म्हणून माँट्रिअलचे जहाजमालक सर ह्यू अ‍ॅलन यांनी सत्ताधारी पक्षाला साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुरवली. ऐन धामधुमीत मॅकडोनाल्डनी अ‍ॅलनच्या वकिलाला तार करून आणखी दहा हजार डॉलर मागितले. पुढे त्या वकिलाच्या कचेरीतून कागदपत्रे चोरीला गेली, विरोधकांच्या हाती लागली आणि १८७३ मध्ये वर्तमानपत्रांत छापून आली. सरकार कोसळले. नंतर आलेल्या अलेक्झांडर मॅकेंझी यांच्या सरकारने १८७४ मध्ये निवडणुकीचा कायदा केला : गुप्त मतदान, जवळजवळ सर्व देशात एकाच दिवशी मतदान, त्या दिवशी दारूचे गुत्ते बंद, आणि उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब जाहीर. हा कायदा लागू झाल्यावरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १८७८ ची. ती दणदणीत जिंकली कोणी? मॅकडोनाल्डनी! मतदारांनी एकांतात, कोणाचीही भीती नसताना, त्यांनाच निवडले. १८८२ मध्ये त्यांनी मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखल्या तो भाग वेगळा. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर गेरी यांच्या नावाने १८१२ पासून ओळखली जाणारी ती युक्ती कॅनडालाही चांगलीच अवगत होती. ती इथे थांबली १९६४ मध्ये, सीमा आखण्याचे काम कायद्याने स्वतंत्र आयोगांकडे गेल्यावर.

अमेरिकेत त्या काळी मतपत्रिका सरकार छापतच नसे. पक्ष आपल्या उमेदवारांच्या रंगीत चिठ्ठ्या छापून वाटत, आणि कोणी कोणत्या रंगाची चिठ्ठी पेटीत टाकली हे लांबूनही दिसे. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका राज्यभर लागू करणारे पहिले राज्य मॅसॅच्युसेट्स, तेही १८८८ मध्ये. गुप्ततेत कॅनडा चौदा वर्षे पुढे होता.

त्याहून मोठा फरक आहे तो निवडणूक कोण घेते यात. अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसच्या निवडणुका घेण्याचे काम राज्यांवर सोपवले, राज्यांनी काउंट्यांवर आणि गावांवर. आज तिथे सुमारे दहा हजार स्थानिक यंत्रणा निवडणुका घेतात. अनेक राज्यांत या कामाचा प्रमुख स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. फ्लोरिडात २००० साली निकालावर सही करणाऱ्या कॅथरिन हॅरिस या बुश यांच्या तिथल्या प्रचारसमितीच्या सहअध्यक्षही होत्या. कॅनडाने १९२० मध्ये मुख्य निवडणूक अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. तो सरकारला नव्हे, संसदेला उत्तरदायी असतो. शेषनसाहेबांचा काळ पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटते. आपल्या निवडणूक आयोगाची ही तीस वर्षांनी थोरली बहीण म्हणा ना.

मतदार यादीचेही तसेच. अमेरिकेत नाव नोंदवणे ही मतदाराची जबाबदारी (नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही, हा अपवाद). कॅनडात ती सरकारची. १९९७ पर्यंत गणनाकार दारोदार फिरत. शहरांत ते जोडीने येत आणि जोडीतले दोघे मतदारसंघातल्या पहिल्या दोन पक्षांनी सुचवलेले असत, म्हणजे एकाने लबाडी केली तर दुसरा बोलेल. त्यानंतर कायमची राष्ट्रीय यादी आली. प्राप्तिकराच्या अर्जावर ती माहिती निवडणूक खात्याला देण्याबद्दलचा जो चौकोन असतो, तो त्या यादीसाठीच.

पण यादी सरकारने करायची म्हटले की यादीतून गाळायचेही सरकारच्याच हातात येते. हे प्रकरण आपण भारतीयांनी विसरू नये. ब्रिटिश कोलंबियाने १९०७ मध्ये कायदा करून हिंदुस्थानातून आलेल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. कायद्यात शब्द होता 'हिंदू', पण त्यात शीख, मुसलमान सारेच आले. किंबहुना बहुसंख्य शीखच होते. देशाच्या निवडणुकीसाठी प्रांताचीच यादी वापरत असल्याने ओटावासाठीचे मतही गेले. मतदार यादीत नाव नाही म्हणून वकिलीसारख्या पेशांची दारेही बंद झाली. गंमत अशी, आणि ही गंमत कडू आहे, की हे सगळे ब्रिटिश प्रजाजन होते. साम्राज्याच्या महायुद्धात लढायला पात्र, पण व्हँकूवरमध्ये मत द्यायला अपात्र. व्हँकूवरची खालसा दिवाण सोसायटी आणि तिचे सोबती वर्षानुवर्षे अर्जविनंत्या करत राहिले. २ एप्रिल १९४७ रोजी हक्क परत मिळाला, म्हणजे भारत स्वतंत्र व्हायच्या साडेचार महिने आधी. जपानी वंशाच्या लोकांना या प्रांतात आणखी दोन वर्षे थांबावे लागले. आणि या भूमीचे मूळ रहिवासी? आपला कायदेशीर दर्जा न सोडता त्यांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९६० मध्ये.

सीमेपलीकडे हाच अन्याय वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेच्या पहिल्या महायुद्धातल्या सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये सांगितले की तुम्ही 'गोरे' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. १९४६ च्या कायद्याने ती अट गेली. आणि दहाच वर्षांत, १९५६ मध्ये, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले! कॅनडाच्या संसदेत पहिला पगडीधारी सदस्य यायला १९९३ उजाडले, गुरबक्ष मल्ही यांच्या रूपाने. या एका मुद्द्यावर अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आपल्याला ऐकवले तर गप्प बसावे लागेल. अर्थात त्यांच्या दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना साक्षरतेच्या परीक्षा आणि मतकर यांच्या नावाखाली १९६५ पर्यंत कसे अडवले हे त्यांनीही आठवावे.

आता पैसा. इथे एक विलक्षण योगायोग आहे. १९७४ या एकाच वर्षात दोन्ही देशांनी निवडणूक खर्चावर मर्यादा घालणारे कायदे केले. अमेरिकेने वॉटरगेटच्या धक्क्यातून, कॅनडाने बऱ्याच वर्षांच्या चर्चेनंतर. दोन्ही कायद्यांचा गाभा सारखाच. पण १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की खर्चावर मर्यादा म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा, आणि तो भाग रद्द केला. २०१० च्या निकालाने कंपन्यांनाही स्वतंत्र प्रचारावर अमर्याद खर्चाची मुभा मिळाली. कॅनडात बाहेरच्या संघटनांच्या प्रचारखर्चावरील मर्यादेविरुद्ध एक संस्थाचालक न्यायालयात गेले. २००४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला : श्रीमंताच्या कर्ण्यामुळे इतरांचा आवाज बुडू नये म्हणून मर्यादा योग्य आहे, असा त्याचा सारांश. त्या वादीचे नाव स्टीफन हार्पर. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले, आणि त्यांच्याच सरकारच्या २००६ च्या कायद्याने कंपन्यांच्या आणि कामगारसंघांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय, ते एका मराठी माणसाच्या उदाहरणाने सांगतो. श्री ठाणेदार हे नाव आपल्या वाचकांना माहीत आहेच. बेळगावात वाढलेले रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि स्वतःच्या खिशातून एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. ती निवडणूक ते हरले. पुढे २०२२ आणि २०२४ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. कॅनडात संसदेच्या उमेदवाराला स्वतःच्या प्रचाराला पाच हजार डॉलरहून अधिक देता येत नाही. मग तो कितीही मोठा उद्योजक असो. याला दुसरी बाजूही आहे. पक्षयंत्रणेबाहेरच्या, ओळखीपाळखी नसलेल्या नवागताला अमेरिकेत पैशाच्या आणि जिद्दीच्या बळावर थेट मतदारांपुढे जाता येते. कॅनडात त्याला आधी पक्षाची उमेदवारी मिळवावी लागते, आणि तिथे खरा अंधार आहे.

उमेदवारी ठरवायच्या स्थानिक सभेत मत द्यायला पक्षाचे सभासद असणे पुरेसे असते. नागरिकत्व लागतेच असे नाही, आणि वयाची अट चौदा वर्षांपर्यंत खाली येते. मग एखाद्या देवळातून, गुरुद्वारातून, कुठल्याशा मंडळातून बसेस भरून कालपरवाचे सभासद आणले जातात. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. परदेशी हस्तक्षेपाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती ओग यांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात या उमेदवारीच्या लढती म्हणजे हस्तक्षेपाचे एक दार असल्याचे नोंदवले. दीडशे वर्षे कायदे करून मतपेटीला कुलूप लावले, पण मागचे दार सताड उघडे. बाहेरून आलेल्या समाजांच्या नावावर हा व्यवहार चालतो म्हणून आपण त्याबद्दल जास्त कडक बोलायला हवे, कमी नव्हे.

प्रचाराच्या भाषेबद्दल थोडेसे. कॅनडाचे पक्ष अमेरिकी तंत्रे सर्रास आणतात. केनेडींचे मतचाचणीकार लू हॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी लेस्टर पिअरसन यांच्या लिबरल पक्षाचेही काम केले होते, अर्थात गुपचूप. १९९३ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रे दाखवणारी जाहिरात केली. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून लुळी आहे. लोकांचा, स्वपक्षीयांचासुद्धा, इतका संताप झाला की ती ताबडतोब मागे घ्यावी लागली. दीडशेहून अधिक जागा असलेला तो सत्ताधारी पक्ष दोन जागांवर आला. याचे सारे श्रेय जाहिरातीला देतात ते चूक; पक्षाची गाडी आधीच घाटात सुटली होती. पण त्यानंतरही हल्ल्याच्या जाहिराती थांबल्या नाहीत, फक्त कोणाच्या व्यंगावर बोट ठेवू नये एवढे शहाणपण आले.

कॅनडाच्या प्रचारातला सर्वांत जुना विषय मात्र खुद्द अमेरिका. १९११ मध्ये विल्फ्रिड लॉरिए व्यापारकरार घेऊन लोकांपुढे गेले. तेवढ्यात अमेरिकी काँग्रेसमधले नेते चॅम्प क्लार्क भाषणात म्हणून गेले की ब्रिटिश उत्तर अमेरिकेच्या प्रत्येक फुटावर आमचा झेंडा फडकलेला पाहायची इच्छा आहे. लॉरिए हरले. १९८८ मध्ये लिबरलांनी अशी जाहिरात दाखवली की वाटाघाटीच्या टेबलावर बसलेला अमेरिकी प्रतिनिधी नकाशावरची सीमारेषाच खोडरबराने पुसतो. पण मलरूनी जिंकले आणि खुला व्यापार आला. आणि २०२५ मध्ये जानेवारीत वीसहून अधिक टक्क्यांनी मागे असलेला लिबरल पक्ष, ट्रम्प यांनी जकाती लादून 'एक्कावन्नावे राज्य' म्हणायला सुरुवात केल्यावर, मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली १६९ जागा घेऊन सत्तेत राहिला. अमेरिकेच्या निवडणुकीत कॅनडाचे नाव कधी निघाले तर ते बहुधा औषधांच्या किमतींपुरते.

त्याच निवडणुकीत ओटावाजवळच्या कार्लटन मतदारसंघात आणखी एक प्रकार घडला. निवडणूक पद्धतीत बदल मागणाऱ्या एका गटाने तिथे उमेदवारांची रांग उभी केली. एकूण ९१ उमेदवार, आणि मतपत्रिका जवळजवळ मीटरभर लांब. ती घडी घालून पेटीत टाकताना म्हाताऱ्या माणसांची तारांबळ उडाली, मोजणी पहाटेपर्यंत चालली, आणि विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह तिथे हरले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते आल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफूटच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्या गटाने संख्या २१४ वर नेली. एवढी नावे छापायची कुठे? यंत्र मागवावे असे कोणी सुचवले नाही. निवडणूक खात्याने नावांशिवाय, एक रिकामी ओळ असलेली छोटी मतपत्रिका छापली, उमेदवारांची यादी मतदान केंद्रात ठेवली, आणि मतदारांना सांगितले, की ज्याला मत द्यायचे त्याचे नाव पेन्सिलीने लिहा. स्पेलिंग चुकले तरी चालेल, मनसुबा कळला म्हणजे झाले.